व्हिटॅमिनचं रक्त: कुणाचं काढावं, कशासाठी काढावं

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस जायला लागले. कंगव्यात चार केस जास्त अडकावेत, तसे नव्हे. आधी डोक्याला खाज, मग नुसता हात फिरवला की पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. त्यात म्हातारे होते, तरणी पोरं होती, शाळेत जाणाऱ्या मुली होत्या. काही आठवड्यांत अठरा गावांतल्या पावणेतीनशेहून जास्त लोकांची नोंद झाली आणि आयसीएमआरचं पथक शेगावात येऊन दाखल झालं.

खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा तिथून फार लांब नाही, आणि शेजारच्या तालुक्यातली अशी गोष्ट नुसती बातमी म्हणून कुणी वाचत नाही. संशयितही एकामागून एक बदलत गेले. कुणी शाम्पूला धरलं. कुणी पाण्याला धरलं. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, इथे पाण्यावर संशय घ्यायला वेगळं कारण लागत नाही, आणि तपासलेल्या पाण्यात नायट्रेट व क्षार जास्त निघालेही. डॉक्टरांना आधी बुरशीची शंका आली. आणि केस गळतात म्हटल्यावर आपल्याकडे घरोघरी जे उत्तर तयार असतं ते होतंच: व्हिटॅमिन कमी पडलं असेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी निराळं उत्तर पुढे ठेवलं. महाडला राहून विंचूदंशाच्या उपचारावर आयुष्य घालवलेला, २०२२ साली पद्मश्री मिळालेला हा डॉक्टर. त्यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले आणि सांगितलं की सेलेनियम हे मूलद्रव्य रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं आहे, जस्त मात्र घटलेलं आहे. रेशनवर मिळालेल्या गव्हाचे नमुने ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत गेले. त्यात किलोमागे साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम निघालं, म्हणजे इथल्या गव्हाच्या सुमारे ६०० पट. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता असं त्यांचं म्हणणं. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरकडच्या काही जमिनींत सेलेनियम फार आहे, हे माती तपासणारे कित्येक वर्षं सांगत आले आहेत. चीनच्या हुबेई प्रांतात, एन्शी भागात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जमिनीतून पिकात आणि पिकातून पोटात गेलेल्या सेलेनियमने गावंच्या गावं टकली झाली होती, नखंही गळून गेली होती. शेगावातही एप्रिल २०२५ मध्ये काही जणांची नखं जायला लागल्याच्या बातम्या आल्या.

समजा, त्या दिवसांत यातल्या एखाद्याने शहरात जाऊन ‘व्हिटॅमिन पॅकेज’ केलं असतं. कागदावर बी-१२ कमी आणि डी कमी आलं असतं, कारण ते आपल्याकडे शेकडा कितीतरी जणांचं येतंच. केस गळायचं कारण सापडलं असं वाटून गोळ्या-इंजेक्शनं सुरू झाली असती आणि गहू पोटात जातच राहिला असता. सेलेनियम या पॅकेजात नसतं. ते मोजायला वेगळं यंत्र लागतं, धातूंचा अंशही नसलेली वेगळी नळी लागते आणि मुख्य म्हणजे ते मोजावं असं कुणाच्या तरी मनात यावं लागतं. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. व्हिटॅमिनच्या तपासण्यांचा आढावा घेताना मला हीच बाब सगळ्यांत वर ठेवावीशी वाटते, कारण आज या तपासण्या प्रश्न न विचारता होत आहेत.

ज्या काळी रक्तातलं जीवनसत्त्व मोजताच येत नव्हतं, त्या काळचं एक मोठं काम मुंबईतच झालं. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये इथे आली. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर बायकांचा एक जीवघेणा पांडुरोग अभ्यासला. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या, आणि लोह देऊन काही फरक नाही. तिने या बायकांचा आहार लिहून काढला, तसाच आहार उंदरांना आणि माकडांना दिला, आणि शेवटी यीस्टच्या अर्कावर येऊन पोचली. पावाला लावायचं मार्माइट नावाचं स्वस्त चाटण दिलं की रक्त भरून यायचं. १९३१ मध्ये हे छापून आलं. त्या अर्कातल्या गुणकारी द्रव्याला बरीच वर्षं ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तेच वेगळं झालं आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. ते कारखान्यात बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या गटाचे प्रमुख आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

विल्सबाईंकडे जीवनसत्त्वाचा आकडा नव्हता. रोग्याला एक वस्तू द्यायची आणि रक्तात नव्या पेशी किती येतात ते मोजायचं, ही तिची तपासणी. या रीतीला आज कुणी तपासणी म्हणणार नाही, पण चांगला डॉक्टर अजूनही ती वापरतो: औषध देऊन बघतो आणि दहा-बारा दिवसांनी साधं रक्त पुन्हा पाहतो.

मोजणी आली ती जिवाणूंच्या पाठीवर. बी-१२ हे १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी वेगळं झालं. दह्यातल्या जिवाणूंच्या कुळातला एक प्रकार असा आहे की बी-१२ मिळाल्याशिवाय तो वाढत नाही. रोग्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग त्याला घालायचा आणि तो किती वाढला त्यावरून बी-१२ किती ते ठरवायचं. फोलेटसाठी, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या वर्गासाठी, त्याचाच दुसरा भाऊबंद. पद्धत वेळखाऊ, आणि मजेची गोष्ट अशी की रोग्याने प्रतिजैविक घेतलं असेल तर जिवाणू मरायचे आणि बी-१२ नसल्यासारखं दिसायचं. नंतर किरणोत्सारी द्रव्यं वापरणाऱ्या पद्धती आल्या. आता बहुतेक ठिकाणी प्रकाश मोजणारी स्वयंचलित यंत्रं आहेत. रोग्याचं बी-१२ आणि खूण लावलेलं कंपनीचं बी-१२ यांच्यात ठरावीक जागांसाठी संगीत खुर्ची लावून दिलेली असते. रोग्याचं कमी असेल तर खूणवाल्याला जागा जास्त मिळतात आणि प्रकाश जास्त पडतो. वीस-पंचवीस मिनिटांत आकडा तयार.

आकडा तयार होतो, अर्थ लागत नाही. बी-१२ च्या बाबतीत हे सगळ्यांत जास्त खरं आहे, आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सगळ्यांत महत्त्वाचं जीवनसत्त्वही तेच, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

रक्तात फिरणाऱ्या बी-१२ पैकी सुमारे चार-पंचमांश भाग अशा प्रथिनाला चिकटलेला असतो की पेशींना तो वापरताच येत नाही. उरलेला पाचवा हिस्सा खरा कामाचा. नेहमीची तपासणी दोन्ही एकत्र मोजते. म्हणून आकडा ‘नॉर्मल’ आणि हातापायाला मुंग्या, असं होऊ शकतं. आकडा कमी आणि माणूस ठणठणीत, असंही होतं. बहुतेक कागदांवर मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता असं छापलेलं असतं. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. या पट्ट्यातल्या माणसाला खरोखर तुटवडा आहे का हे कळायला दोन चाचण्या आहेत. बी-१२ नसेल तर शरीरातली दोन कामं अडतात आणि मिथाइलमेलोनिक ॲसिड व होमोसिस्टीन ही दोन द्रव्यं रक्तात साचतात; ती मोजायची. पहिली महाग आणि मोजक्या ठिकाणीच होते. दुसरी होते, पण नमुना लगेच थंड करून वेगळा केला नाही तर नळीतल्या पेशीच होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. तालुक्याच्या गावी सकाळी काढलेलं रक्त दुपारच्या गाडीने जाणार असेल तर ही चाचणी न केलेली बरी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर जे काम केलं आहे, त्याला भारतात तोड नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची त्यांनी गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांची. यातल्या दोनतृतीयांश गरोदर बायकांचं बी-१२ कमी होतं. मिथाइलमेलोनिक ॲसिड तर नव्वद टक्क्यांचं वाढलेलं होतं, म्हणजे ज्यांचा आकडा ठीक दिसत होता त्यांच्यापैकीही पुष्कळांच्या पेशी उपाशी होत्या. फोलेट कमी असलेली बाई मात्र सगळ्यांत एकच सापडली. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या आईचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, तिचं मूल सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं, म्हणजे पुढच्या मधुमेहाच्या वाटेवर होतं.

त्याआधी २००६ मध्ये याच गटाने खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि पुण्यातल्या मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त पाहिलं होतं. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी. आणि सर्वांत वाईट अवस्था कुणाची? ज्यांच्या घरी फ्रीज, दूध, फळं, सगळं आहे त्या शहरी मध्यमवर्गाची: ८१ टक्के. शाकाहाऱ्यांना धोका वरचेवर मांसाहार करणाऱ्यांच्या साडेचार पटींच्या घरात. बी-१२ वनस्पती बनवत नाहीत. ते जिवाणू बनवतात आणि जनावरांमार्फत आपल्याकडे येतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा यांत बाकी बरंच काही आहे, बी-१२ नाही. विदर्भात माळकरी घरं पुष्कळ आणि त्या घरांत बी-१२ चा एकच खात्रीचा झरा, तो म्हणजे दूध-दही. एका मोठ्या पेल्यात एक मायक्रोग्रॅमच्या आत-बाहेर, आणि गरज रोज दोन मायक्रोग्रॅमच्या वर. चहात घातलेल्या दोन चमच्यांना दूध म्हणायचं ठरवलं तर हिशेब जुळत नाही.

आता खरी पंचाईत बघा. प्रयोगशाळा ‘नॉर्मल’ची हद्द साधारणपणे ठरवते ती निरोगी दिसणाऱ्या लोकांच्या आकड्यांवरून. जिथे निम्म्याहून जास्त निरोगी दिसणाऱ्यांनाच तुटवडा आहे, तिथे इथल्या लोकांवरून हद्द ठरवली तर तुटवडा नाहीसाच होतो; परदेशातली हद्द आणली तर अख्खा गाव रोगी ठरतो. दोन्ही टोकांना मधल्या माणसाचं नुकसान. त्यामुळे बी-१२ चा कागद लक्षणांशिवाय वाचू नये, हे माझं ठाम मत आहे. जीभ लाल, गुळगुळीत आणि झोंबणारी, हातापायाच्या बोटांची पेरं काळवंडलेली, तळव्यांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, म्हाताऱ्या माणसाचा नव्याने आलेला विसराळूपणा. यांतलं काही असेल आणि आकडा २५० असला तरी उपचार करावा. काही नसेल, घरात दूध-अंडी असतील आणि आकडा १९० आला, तर दहा महागडी इंजेक्शनं घेण्याआधी साध्या गोळ्यांवर काही महिने काढावेत.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आणि तातडीची. आईच्या दुधात बी-१२ नसेल तर वर्षाच्या आतलं गुटगुटीत बाळ फिकं पडतं, मान धरायची सोडतं, हसायचं बंद होतं, केस विरळ आणि भुरे होतात, हातपाय थरथरतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांना हा आजार अनेक दशकांपासून ठाऊक आहे. इथे आई आणि बाळ दोघांचं रक्त तपासणं हा खर्च नाही, ती गरज आहे.

साध्या रक्ततपासणीतून, ज्याला सगळे सीबीसी म्हणतात तिच्यातून, बी-१२ चा अंदाज येतो असं पुस्तकात असतं: पेशी मोठ्या दिसल्या की समजावं. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला आहे. त्यातल्या बऱ्याच जणींना लोह कमी, आणि लोह कमी असलं की पेशी लहान होतात. एका तुटवड्याने पेशी मोठ्या, दुसऱ्याने लहान. सरासरी अगदी बरोबर मधोमध येते आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. अशा वेळी पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आकडा वाढलेला असतो आणि काचपट्टीवर डोळ्यांनी पाहणाऱ्याला दोन्ही जातीच्या पेशी दिसतात. यंत्र छापतं ते पुरे मानलं आणि काचपट्टी बघणं सोडून दिलं, ही आजच्या छोट्या-मोठ्या सगळ्याच प्रयोगशाळांची खोड आहे.

डी बद्दल लांबण लावण्यासारखं काही नाही, तरी सर्वांत जास्त पैसा त्यावर जातो म्हणून लिहावं लागतं. मोजायचं ते यकृतात तयार होणारं २५-हायड्रॉक्सी रूप. मूत्रपिंडात बनणारं पुढचं रूप साध्या कमतरतेसाठी मागवणं म्हणजे पैसे वाया, ते कमतरतेतही नॉर्मल येऊ शकतं. कमी कशाला म्हणायचं यावर तज्ज्ञांतच भांडण होतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरे म्हटलं; पुढे २०११ साली तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने ३० हवेत असं म्हटलं, आणि आपल्याकडच्या कागदांवर ३० च छापलं गेलं. एका रेघेने जगातली कोट्यवधी निरोगी माणसं कमतरतेत ढकलली गेली. याच सोसायटीने २०२४ मध्ये ३० ची रेघ मागे घेतली आणि निरोगी माणसांची डीची तपासणी सरसकट करू नये असं सांगितलं. आपल्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने १२ ची रेघ धरली होती, आणि तिथेही किशोरवयीनांत २४ टक्के कमी निघाले. रेघ हलवली की रोगी हलतात.

मुडदूस झालेलं मूल, हाडं दुखून उठता-बसता येत नाही अशी बाई, फिट्सची औषधं वर्षानुवर्षं घेणारा, मूत्रपिंडाचा रुग्ण, यांचं डी जरूर मोजावं. बाकीच्यांनी तपासणीचे हजार-पंधराशे रुपये ठेवून द्यावेत. आणि साठ हजार युनिटची पुडी ‘ताकदीची’ म्हणून महिनोन्‌महिने दर आठवड्याला दुधात टाकून घेणाऱ्यांनी हे ऐकावं की डी शरीरात साठतं, कॅल्शियम चढतं, आणि उलट्या, बद्धकोष्ठ, मुतखडा घेऊन माणूस दवाखान्यात पोचतो. बी-१२ जास्त झालेलं लघवीवाटे जातं. डी जात नाही.

अ जीवनसत्त्वाचं रक्त गावपातळीवर तपासायचं कारणच नाही. यकृतातला साठा जवळजवळ संपेपर्यंत रक्तातला आकडा ढळत नाही, आणि ताप आला की तुटवडा नसतानाही खाली जातो. शिवाय नमुना उजेडात ठेवला तर जीवनसत्त्व नळीतच नासतं. संध्याकाळी पोराला दिसत नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपका आला आहे, एवढं आईला आणि आशाताईंना ओळखता आलं की पुरे. नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी द्यायचे नऊ डोस चुकू नयेत. क, के, ई यांच्या तपासण्या मोठ्या रुग्णालयांतल्या ठरावीक रोग्यांसाठी; पॅकेजात त्या आल्या की संख्या फुगवायला आल्या असं समजावं.

रक्त काढल्यापासून कागद येईपर्यंतचा प्रवास हा स्वतंत्र विषय आहे. पिंपळगाव राजासारख्या गावात काढलेलं रक्त व्हिटॅमिनसाठी तिथेच तपासलं जाईल असं धरून चालू नये. ते खामगाव, अकोला, पुष्कळदा थेट नवी मुंबईपर्यंत जातं. १९९६ मध्ये सुरू झालेल्या थायरोकेअर कंपनीने एकाच मोठ्या केंद्रात देशभरचे नमुने आणून तपासायची पद्धत रुळवली, तेव्हापासून या तपासण्या स्वस्त झाल्या हे मान्य करावंच लागेल. पण मधल्या वाटेत मे महिना असतो. नळी वेळेवर फिरवून पेशी वेगळ्या केल्या का, पेटीत बर्फ होता का, नमुना उन्हात गाडीच्या डिकीत राहिला का, हे कागदावर छापलं जात नाही. सुई नीट न लागता रक्त ओढून काढलं आणि पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं भरपूर फोलेट बाहेर येतं आणि तुटवडा झाकला जातो.

केसांपासून निघालो होतो म्हणून बायोटिनचं सांगायलाच हवं. केस गळणारा माणूस दुकानातून आधी आणतो त्या गोळ्यांत पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम बायोटिन असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट. बऱ्याच यंत्रांचं मोजमाप बायोटिनच्याच पकडीवर चालतं. रक्तात ते जास्त असलं की अशा यंत्रावर बी-१२ आणि डी खोटेच जास्त दिसतात आणि थायरॉइडचा टीएसएच खोटाच कमी. म्हणजे ज्याला तुटवडा आहे त्याला नाही म्हणून सांगितलं जातं आणि ज्याचा थायरॉइड बरा आहे त्याला रोग चिकटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन दिवस तरी बंद ठेवावी आणि तसं सांगावं. आपल्याकडे रक्त काढणारा ‘उपाशी आहात का?’ एवढंच विचारतो. बी-१२ आणि डीसाठी उपाशीपण महत्त्वाचं नाही, गोळ्या महत्त्वाच्या.

तशीच दुसरी चूक इंजेक्शनची. थकवा आला म्हणून बी-१२ चं लाल इंजेक्शन घ्यायचं आणि फरक पडला नाही म्हणून चार दिवसांनी बी-१२ तपासायचं. आकडा हजाराच्या वर येणारच. त्याचा अर्थ इंजेक्शन खरं होतं एवढाच.

कागदावर सही कुणाची, हेही बघायला शिकावं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालेल. महाराष्ट्रात मात्र गावोगावच्या खासगी प्रयोगशाळांवर नीट लक्ष ठेवणारा कायदा नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा रुग्णालयांसाठी केलेला. प्रयोगशाळेच्या दर्जाचं एनएबीएल प्रमाणपत्र ऐच्छिक. मग एकाच डॉक्टरची सही दहा गावांच्या कागदांवर दिसते, आणि डॉक्टर कुठल्याच गावात दिसत नाही. तंत्रज्ञ हुशार असतात, कित्येकदा डॉक्टरपेक्षा यंत्र त्यांना जास्त कळतं. पण आकडा विचित्र आला तर पुन्हा तपासा म्हणायचा अधिकार आणि जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं असावं लागतं. एककांचाही घोळ असतो. एक प्रयोगशाळा पिकोग्रॅम छापते, दुसरी पिकोमोल, आणि बी-१२ चे २०० पिकोग्रॅम म्हणजे १४८ पिकोमोल. प्रयोगशाळा बदलल्यावर ‘घसरलं’ म्हणून घाबरणाऱ्यांनी आधी एकक बघावं.

मग करावं काय? साध्या माणसासाठी क्रम असा असावा: आधी हिमोग्लोबिन आणि सीबीसी. सरकारी आरोग्य केंद्रांतून महालॅबमार्फत होणाऱ्या मोफत तपासण्यांत हे होतं, त्याला खासगीकडे धावायची गरज नाही. पुढे डॉक्टरांना कारण दिसलं तर बी-१२. हे कारण कुणाच्या बाबतीत लवकर दिसायला हवं? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे मधुमेही, पित्तासाठी रोज सकाळी कॅप्सूल घेणारे, पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेले, साठीच्या पुढचे आणि माळकरी घरातल्या गरोदर बायका. पॅकेजची जाहिरात बघून अख्ख्या घराचं रक्त द्यायला मात्र जाऊ नये. चाळीस-पन्नास आकड्यांच्या कागदावर दोन-तीन आकडे नुसत्या योगायोगानेही हद्दीबाहेर येतात, आणि ते घरात आले की काळजी आणि औषध दोन्ही घेऊन येतात.

सरकारकडेही एक मागणं आहे. ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मिळतं, बी-१२ मिळत नाही. पुण्याच्या खेड्यांनी दाखवलं ते नेमकं हेच: फोलेट भरपूर, बी-१२ रिकामं. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते, हे डॉक्टरांना पाऊणशे वर्षांपासून माहीत आहे. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत हिमोग्लोबिनच्या नळीबरोबर बी-१२ ची एक नळी काढावी. सगळ्यांची जमत नसेल तर दूध-अंडी-मांस न मिळणाऱ्या बायकांची तरी. आणि तेही जमत नसेल तर तपासणी न करता त्या गोळीतच दोन-चार मायक्रोग्रॅम बी-१२ घालावं. त्याला रक्त काढायचीही गरज नाही.